बोट संध्याकाळची, मुक्काम आदल्या रात्रीचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कणकवलीहून आपण दोघे, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी असे पाच जण डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जाणार आहात. जहाज संध्याकाळी पाचला सुटते आणि कोकणकन्या एक्स्प्रेस त्याच दिवशी पहाटे सीएसएमटीला पोचते, तेव्हा आदल्या रात्रीच्या हॉटेलवर पैसे कशाला घालवायचे, आणि घालवायचेच असतील तर खोली कुठे घ्यावी, असे आपण विचारले आहे. पुढच्या वर्षी सिंगापूरहून क्रूझ घेण्याचा विचार असल्याने तिथेही हाच हिशेब लागू पडेल का, हा आपला दुसरा प्रश्न आहे. रत्नागिरीत बसून गेली बावीस वर्षे मी कोकणातल्या कुटुंबांच्या प्रवासाची आखणी करतो आहे, त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो.

त्याच दिवशी पहाटे पोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर बोट गाठायला जाऊ नये. गुरुवारची रात्र मुंबईतच काढावी, आणि तीही बंदरापासून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांच्या आत.

एसटी पाचची असेल तर आपण पावणेपाचला स्टँडवर जाऊन उभे राहतो, आणि तिकिटावरची वेळ तशीच वाचण्याची आपल्याला सवय असते. क्रूझच्या तिकिटावर मात्र दोन वेळा असतात. सुटण्याची वेळ ठळक छापलेली असते आणि चेक-इन बंद होण्याची वेळ खाली बारीक अक्षरांत असते. प्रवाशांची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यायची असते, सामान तपासून जहाजावर चढवायचे असते आणि जहाज धक्क्यावरून काढणाऱ्या टगबोटींची वेळ ठरलेली असते, म्हणून चेक-इन बरेच आधी बंद होते. बहुतेक कंपन्या ऑनलाइन चेक-इन करतानाच टर्मिनलवर येण्याचा एक ठराविक तासही नेमून देतात. सगळा हिशेब या वेळेपासून मागे मोजावा. आपल्यासारख्या कुटुंबाला, जहाज पाचचे असले तरी, मी दुपारी बारा वाजता गेटवर उभे करतो.

आता आपण म्हणाल की कोकणकन्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास येते, म्हणजे सहा तास हाताशी आहेत. बहुतेक दिवशी ते पुरतातही. पण रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर कोकण रेल्वेचा मार्ग मुख्यतः एकेरी आहे, आणि एकेरी मार्गावर एखादी मालगाडी पुढे अडून राहिली की मागच्या सगळ्या गाड्या त्या त्या स्टेशनात उभ्या राहतात. रात्री दोन वाजता करंजाडी किंवा विन्हेऱ्याला गाडी उभी राहिली, तर पाच माणसे आणि आठ बॅगा घेऊन आपण उतरणार कुठे आणि तिथे टॅक्सी आणणार कुठून?

सात-आठ वर्षांपूर्वी चिपळूणच्या एका कुटुंबाला मी स्वतःच अशी पहाटेची आखणी करून दिली होती. गाडी साडेचार तास अडकली. ती मंडळी पनवेलला उतरली, दोन टॅक्सी केल्या, आणि चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटे उरली असताना गेटवर पोचली. बोट मिळाली, पण मधुमेह असलेल्या आजींच्या पोटात आदल्या रात्रीपासून दोन बिस्किटांपलीकडे काही गेले नव्हते आणि पहिला दिवस त्यांनी केबिनमध्ये पडून काढला. चूक माझी होती. त्यानंतर मी कोणालाही बोटीच्या दिवशी पोचणाऱ्या गाडीचे तिकीट काढून दिलेले नाही.

आपल्यासाठी मला दिवसा धावणारी मांडवी एक्स्प्रेस सर्वांत योग्य वाटते. गुरुवारी सकाळी घरून निघावे, खिडकीतून बाहेर बघत, गाडीतच जेवून (त्या गाडीच्या खाण्यापिण्याची ख्याती आपल्याला सांगायला नको) रात्री पावणेदहा-दहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरावे. ही गाडी चार तास रखडली तरी आपण रात्री दोनला खोलीत जाऊन झोपाल आणि दुसऱ्या दिवशीची बोट शाबूत राहील. वंदे भारत वेगाने जाते, परंतु तीही मुंबईला रात्री दहानंतरच पोचते आणि भाडे बरेच जास्त आहे. आई-वडिलांना बसण्याचा त्रास असेल तर जरूर घ्यावी. बुधवारी रात्रीच्या कोकणकन्येने गुरुवारी पहाटे पोचण्याचा पर्याय वाईट नाही, पण त्यात खोलीचा घोळ होतो, तो पुढे सांगतो.

क्रूझचे तिकीट लोक सहा-आठ महिने आधी काढून मोकळे होतात, तर रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते. मधल्या काळात ही गोष्ट हमखास विसरली जाते. साठावा दिवस आजच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावा आणि त्या सकाळी आठ वाजता पाचही तिकिटे काढावीत. आई-वडिलांना खालचे बर्थ मिळावेत म्हणून त्यांचे वय अचूक भरावे. गाडी नेमकी कुठपर्यंत जाते हेही तिकिटावर वाचावे, कारण फलाटांच्या कामांमुळे कोकणातून येणाऱ्या काही गाड्या मधूनमधून दादर किंवा ठाण्यालाच थांबवल्या जातात.

आपण डिसेंबरात जाणार म्हणून दोन अडचणी टळल्या आहेत. एक पावसाळी वेळापत्रकाची. त्या काळात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वंदे भारत आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. दुसरी अडचण गणपतीची. गौरी-विसर्जनानंतर चाकरमानी परतायला लागले की कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरची क्रूझ ठरवताना कोकणातल्या माणसाने कंपनीची ऑफर पाहण्याआधी पंचांग पाहावे.

गाडीने, म्हणजे स्वतःच्या मोटारीने, जाण्याचा मोह अनेकांना होतो. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल कणकवलीच्या माणसाला मी काय सांगणार? माणगाव-इंदापूरला शनिवार-रविवारी जी कोंडी होते ती आपण सोसलेली असेलच. पनवेलच्या पुढे मात्र चित्र बदलले आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून शिवडीला उतरले आणि ईस्टर्न फ्रीवे धरला की आपण थेट पी. डिमेलो मार्गावर, बंदराच्या भिंतीलगत येतो. खरी अडचण तिथून सुरू होते, कारण चार-पाच दिवस मोटार ठेवायची कुठे हा प्रश्न दक्षिण मुंबईत फार महाग पडतो. पनवेल-ठाण्याकडे नातेवाईकांच्या सोसायटीत जागा असेल तरच मोटार न्यावी.

आता मुक्कामाबद्दल. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवरून सुटतात, आणि तिथे जाण्याचा रस्ता ग्रीन गेटमधून आहे. काही टॅक्सीवाल्यांना ‘बोटीच्या धक्क्यावर’ म्हटले की ते थेट भाऊच्या धक्क्याला नेतात, जिथून रेवसची लाँच आणि मांडव्याची रो-रो सुटते. काही गेट वे ऑफ इंडियाला नेतात. म्हणून ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ असेच सांगावे. सीएसएमटीपासून हे अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, काळी-पिवळी किंवा ॲपवरची टॅक्सीच करावी लागते, आणि पाच माणसे आठ बॅगांसह एका टॅक्सीत मावत नाहीत. दोन टॅक्सींचा हिशेब आधीच धरावा.

त्यामुळे खोली फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा सीएसएमटीच्या आसपास घ्यावी, कुलाबाही चालेल. मशीद बंदरच्या बाजूला लॉज स्वस्त मिळतात, पण पहाटेपासून हातगाड्यांचा आणि टेम्पोंचा जो गोंगाट सुरू होतो तो म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. आपल्याकडच्या लोकांना दादरची सवय असते आणि तिथल्या जेवणाचा लळा लागलेला असतो, हे मला ठाऊक आहे. दादर अगदीच वर्ज्य नाही, पण शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या गर्दीतून दक्षिणेकडे यायचे आहे हे लक्षात असू द्यावे.

नकाशावरचे अंतर आणि फोटोतला पलंग पाहून खोली ठरवू नये, फोन करावा. फोर्टातली बरीच लहान हॉटेले जुन्या इमारतींत आहेत. मी एकदा आखलेल्या सहलीत हॉटेलने ‘लिफ्ट आहे’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यावरून सुरू होत होती आणि तिथपर्यंत सव्वीस लाकडी पायऱ्या होत्या, उंच आणि मधोमध झिजलेल्या. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या बाईंनी त्या एकेक करून बसत बसत चढल्या. तेव्हापासून मी विचारतो, ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या?’ दुसरा प्रश्न चेक-आउटचा. काही ठिकाणी ते सकाळी दहाला, काही ठिकाणी दुपारी बाराला असते, तर काही जुन्या लॉजमध्ये अजून चोवीस तासांची पद्धत आहे, म्हणजे ज्या वेळी आलात त्याच वेळेपर्यंत खोली आपली. रात्री दहाला पोचणाऱ्यासाठी यातली कोणतीही पद्धत चालते. पहाटे सहाला पोचणाऱ्याला मात्र दुपारी बाराच्या चेक-इनपर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसावे लागते किंवा आदल्या रात्रीचेही भाडे द्यावे लागते. पहाटेच्या गाडीने वाचलेले पैसे इथे जातात, असा तो घोळ आहे. तिसरे, रात्री उशिरा पोचणार असल्याचे हॉटेलला आदल्या दिवशी पुन्हा कळवावे आणि गाडी रखडली तर गाडीतूनच फोन करावा, नाहीतर खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

पाच जणांसाठी एकाच मजल्यावरच्या दोन खोल्या घ्याव्यात. एका खोलीत जादा गादी टाकून रात्र काढता येते, पण सकाळी एका न्हाणीघरावर पाच माणसे, आणि त्यात दोघांच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या, हे गणित जमत नाही. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात आणि एकट्यादुकट्याला त्या उत्तम आहेत. कुटुंबासाठी मी त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही.

कोकणी माणसाला मुंबईत नातेवाईक नाही असे सहसा होत नाही, आणि हॉटेलात उतरलो असे कळले तर मामा-आत्या रागावतात. आपलेही कोणी असेलच. ते गिरगाव, लालबाग किंवा परळला राहत असतील तर खुशाल तिकडे उतरावे, हॉटेलपेक्षा झोप चांगली लागेल. पण ते डोंबिवली, विरार किंवा भांडुपला असतील तर येताना भेटू असे सांगावे. शुक्रवारी सकाळी आठ-नऊच्या लोकलमध्ये बॅगांसह आई-वडिलांना चढवणे हा विचारसुद्धा करू नये, आणि टॅक्सी केली तर भाड्यात हॉटेलचे निम्मे पैसे निघतात.

शुक्रवारी सकाळी घाई नको. नाश्ता पोटभर करावा, कारण टर्मिनलवर रांगा आणि तपासणीत दोन-अडीच तास सहज जातात आणि जहाजावर पहिले जेवण केव्हा मिळेल ते चेक-इनवर अवलंबून असते. गेटवर तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. झेरॉक्सवर किंवा फोनमधल्या फोटोवर विसंबू नये, आणि मुलीचेही आधार कार्ड विसरू नये. पोचवायला आलेल्या मंडळींना गेटबाहेरच निरोप द्यावा लागतो, हे त्यांना आधी सांगून ठेवले तर वाईट वाटत नाही. आपली फेरी लक्षद्वीपला जाणारी असेल तर तिथल्या प्रवेश-परवान्यासाठी कंपनी माहिती मागवते. ती मागितल्या दिवशीच भरून द्यावी.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी रात्र होते. म्हणून औषधे, चष्मे, कागदपत्रे, चार्जर आणि प्रत्येकाचा एक जोड कपडा हातातल्या पिशवीत ठेवावा. बॅगा विमानतळासारख्याच यंत्रातून जातात. देवगडच्या एका आजींच्या बटव्यात पितळी अडकित्ता निघाला होता. सासूने दिलेला, पन्नास वर्षे कमरेला असलेला. तो धारदार वस्तू म्हणून काढून घेतला आणि पावती दिली. परत आल्यावर मिळाला, पण चार दिवस आजींचा जीव त्या पावतीत अडकून होता. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, सुरी यांचेही तेच होते. घरचे शिजवलेले अन्नही बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. कोकम सरबताची बाटली आणि घावन बांधून नेऊ नयेत, बंद पाकिटातला कोरडा खाऊ मुलीपुरता ठेवावा.

बोट लागण्याची भीती वडिलांना असेल, कारण त्यांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या आगबोटी पाहिल्या आहेत आणि किनाऱ्याजवळ आल्यावर पडावात उतरतानाची हेलकावणी त्यांच्या लक्षात असते. आजची मोठी जहाजे डिसेंबरच्या शांत समुद्रात फारशी हलत नाहीत. तरी मळमळीवरची गोळी डॉक्टरांना विचारून, त्यांच्या चालू औषधांशी जुळते का हे पाहून, आधीच घेऊन ठेवावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर मागावी, तिथे हेलकावा कमी जाणवतो.

एक पर्याय आपण विचारात घेतलेला दिसत नाही. मुंबई-गोवा मार्गावरच्या काही फेऱ्यांना गोव्याच्या मुरगाव बंदरातूनही प्रवासी घेतात. आपण कणकवलीत आहात. मुरगाव आपल्याला मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ आहे, सकाळी निघून जेवणाच्या वेळेला मोटारीने पोचता येते आणि हॉटेलची रात्र अजिबात लागत नाही. रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या माणसाला मी हे सुचवणार नाही, पण सिंधुदुर्गकरांनी तिकीट काढण्यापूर्वी जरूर विचारावे. मात्र मुंबईहून चढण्याचे तिकीट काढून, ‘चुकलीच तर गोव्याला गाठू’ असे मनाशी धरू नये. मधल्या बंदरात चढायला कंपनीची आणि बंदराची परवानगी लागते, आणि चुकलेल्या प्रवाशाला ती मिळेलच असे नाही.

सिंगापूरचा हिशेब तत्त्वतः हाच आहे, फक्त चुकीची किंमत मोठी आहे. मुंबईहून विमान साडेपाच तासांच्या आसपास घेते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. रात्री निघालेला माणूस सकाळी न झोपलेला पोचतो. त्याच दुपारी बोट धरण्यापेक्षा एक पूर्ण दिवस आधी जावे. तिथे क्रूझची दोन टर्मिनले आहेत, एक मरिना बे आणि दुसरे हार्बरफ्रंट, तेव्हा हॉटेल घेण्याआधी तिकिटावर कोणते आहे ते पाहावे. जहाज मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरला येत असेल तर आपण सिंगापुरात दोनदा प्रवेश करता, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. बंदराच्या नावावर जाण्याचा धोका युरोपात जास्त असतो. ‘रोम’ म्हणून विकली जाणारी क्रूझ चिवितावेक्कियाहून सुटते, जे रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. रोमच्या मध्यवस्तीत हॉटेल घेतलेल्या माणसाला हे बहुधा आदल्या रात्री कळते. मुंबईचे विमान गाठण्यासाठी कणकवलीहूनही आदल्या दिवशीच निघावे, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालेला असल्याने तिकीट दोहोंपैकी कुठले आहे हे नीट वाचावे.

शेवटी परतीचे. जहाज सकाळी धक्क्याला लागले तरी डेकच्या क्रमाने उतरवतात आणि बॅगा शोधून बाहेर पडेपर्यंत दुपार होते. मांडवी आणि जनशताब्दी तोपर्यंत केव्हाच सुटलेल्या असतात. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेल्या बॅगा ठेवून, मामांकडे जाऊन यावे आणि रात्री अकराच्या पुढे सुटणारी कोकणकन्या धरावी. तिचे आरक्षण न मिळाल्यास दादरहून तुतारी एक्स्प्रेस आहे, पण ती रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. रविवारी रात्री निघायचे असेल तर तिचे तिकीट सोमवारच्या तारखेचे काढावे लागते. या पाच मिनिटांपायी फलाटावर बॅगांवर बसून राहिलेली कुटुंबे मी दरवर्षी पाहतो.